अकरा ओळींची चौकट

प्रिय भिंगरी,

दुपारी दोन वाजताचं पाण्याचं रीडिंग घेऊन लिहायला बसलो आहे. गढूळपणा ठीक, क्लोरिन ठीक, दोन नंबरचा पंप नेहमीसारखा कुरकुरतो आहे. तीनला पुन्हा उठावं लागेल, तोवरचा तास माझा. तू आता घरी टेबलाशी बसली असशील, कानात कापूस घालून. पूर्वी वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचा आवाज वाढला की तू जिन्यात जाऊन ओरडायचीस, 'अहो, जरा हळू, इथे एक जण नापास होतोय!' हल्ली तू टीव्हीलाही काही म्हणत नाहीस. मलाही नाही. आज एकविसावा दिवस. मी मोजले आहेत, कारण मोजणं एवढंच मला नीट येतं.

आपल्या घरात बोलायचं काम तुझं आणि आईचं होतं. औषधांच्या दुकानातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिचं सुरू व्हायचं. कुठल्या गिऱ्हाइकाने खोकल्याच्या औषधाची आधी चव बघायला मागितली, कुठल्या डॉक्टरचं अक्षर लावता लावता मालकांचीच डोकेदुखीची गोळी घ्यायची वेळ आली. तू तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात, आणि मी बाहेर पेपर धरून, एकही ओळ न वाचता. मला ती घुम्या म्हणायची. तुला सांगायची, तुझा बाबा म्हणजे त्या बाटलीचं झाकण आहे, लहान मुलांनी उघडू नये म्हणून केलेलं, दाबून फिरवल्याशिवाय उघडायचं नाही. ती दाबून फिरवायची आणि मी उघडायचो. ती गेल्याला सात महिने झाले. आपण दोघं एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहतोय, आणि त्यात चूक माझी जास्त आहे, कारण मी मोठा आहे.

पण आधी रागाचं लिहितो. मला राग आला आहे. हे वाक्य मी आयुष्यात कुठेच लिहिलेलं नाही. लॉगबुकात राग लिहिता येत नाही, तिथे 'झडप गळते, वरिष्ठांना कळवले' असं लिहायचं असतं. तसं बघितलं तर एकवीस दिवस माझी झडप गळते आहे आणि मी कुणालाच कळवलेलं नाही.

शाळेच्या त्या प्रेरणा शिबिराला तुला जायचं नव्हतं. तू स्पष्ट म्हणालीस, 'बाबा, मला प्रेरणा नकोय, मला झोप हवीय.' मी हसलोसुद्धा नाही. तुझ्या वर्गशिक्षिकाबाईंनी मला शाळेत बोलावून तुझ्या चाचण्यांचा तक्ता दाखवला होता. रेघ खाली खाली आलेली. त्या म्हणाल्या, 'दहावीची सगळी मुलं जाणार आहेत, तीन दिवसांचा प्रश्न, बघा परत येईल तेव्हा वेगळीच मुलगी असेल.' मला खरं तर तीच मुलगी हवी होती, जुनी. पण तक्ता समोर असला की मी तक्त्याचं ऐकतो. मी मान हलवली. वेगळी मुलगी मिळेल हे त्यांचं म्हणणं मात्र खरं निघालं.

तिसऱ्या दिवशी पालकांना समारोपाला बोलावलं होतं. दारातच एका बाईंनी आमच्या हातात कागदी रुमालांची पाकिटं दिली आणि म्हणाल्या, 'लागतील.' मला वाटलं, सर्दीची साथ असेल. आत सगळे पडदे ओढलेले. तुम्ही एकशे चाळीस मुलं जमिनीवर रांगांत, पिवळे टी-शर्ट घालून, डोळे मिटून. आम्हाला मागच्या भिंतीशी गुपचूप उभं केलं, चपलांचा आवाज करू नका म्हणाले. तो माणूस, ज्याला सगळे सर म्हणत होते आणि ज्याला मी म्हणणार नाही, गालाशी माइक लावून तुमच्यामधून फिरत होता. कोपऱ्यात एक जण की-बोर्डवर रडकी धून वाजवत होता. एका हाताने वाजवत होता, दुसऱ्या हाताने बिस्किट खात होता. ते बिस्किट मला अजून दिसतं.

मग त्याने सुरू केलं. कल्पना करा, तुम्ही शाळेतून घरी येताय. दाराशी एवढ्या चपला का? लोक तुमच्याकडे असे का बघतायत? आत या. पांढऱ्या चादरीखाली कोण आहे? चादर बाजूला करा. बघा. तुमची आई. किती वेळा उलट बोललात तिला? किती मार्क दिलेत तिच्या कष्टांच्या बदल्यात? मुलं हुंदके द्यायला लागली. मग मोठ्याने. एक मुलगा जमिनीवर डोकं आपटत होता, आणि त्याची आई माझ्या शेजारी उभी, धडधाकट, हातात भाजीची पिशवी, ती कौतुकाने कुजबुजली, 'बघा हो, घरी कधी असा रडत नाही!' मी तिच्याकडे बघत राहिलो. तुम्ही जिवंत आहात बाई, जा आणि उचला त्याला, असं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

मी तुला शोधत होतो. तिसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवी. तू रडत नव्हतीस. तू ताठ बसली होतीस, इंजेक्शन घेताना बसतेस तशी. तुला कल्पना करायची गरज नव्हती ना. मला वाटलं, संपेल आता, घरी जाऊ. तेवढ्यात तो थांबला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, आपल्यात एक मुलगी अशी आहे जिची आई खरंच गेली. दवाखान्यात, शेवटच्या श्वासाला त्या माउलीने एकच विचारलं. माझ्या पोरीचा पेपर कसा गेला? आणि त्या पेपरात पोरीने किती मिळवले, माहितीये? वीसपैकी सात! मग तो म्हणाला, बेटा, मी तुझं नाव घेणार नाही. अजून वेळ गेलेली नाही. मार्कशीट हाच तुझा माफीनामा.

नाव घेणार नाही! तुझ्या आजूबाजूची सगळी पोरं मिटल्या डोळ्यांनीच तुझ्या दिशेला वळली. एकशे चाळिसांत फक्त तू डोळे उघडलेस. तू त्याच्याकडे नाही बघितलंस. तू मागे वळलीस, भिंतीकडे, आणि मला शोधलंस. आईने पेपरचं विचारलं होतं हे तुला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या त्या खोलीत तेव्हा आईजवळ मी एकटाच होतो. हिशेब सोपा होता आणि तुला गणित येतं.

तीनचं रीडिंग घेऊन आलो. सगळं ठीक.

तू बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभी राहिलीस तेव्हा मी त्या माणसाकडे गेलो. तुला वाटत असेल बाबा आत चहा पीत होता. मी त्याला विचारलं, हे काय केलंत? तो अजिबात दचकला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'काका, रडणं हे शुद्धीकरण असतं. गाळ वर यायला हवा.' मला हे सांगतो! मी एकोणीस वर्षं शुद्धीकरण करतो आहे. पाण्यात तुरटी टाकून आधी जोरात ढवळतात, मग हळू, आणि मग पाण्याला तासन्‌तास कुणी हात लावत नाही, तेव्हा कुठे गाळ खाली बसतो. ढवळून गाळ वर आणायचा आणि आपण गाडीत बसून पुढच्या गावी निघायचं, याला आमच्याकडे शुद्धीकरण म्हणत नाहीत, असं करणाऱ्याला निलंबित करतात. वर्गशिक्षिकाबाई मधे पडल्या, 'अहो, पण मुलं किती रडली बघितलंत ना? म्हणजे पोचलं.' मी म्हटलं, वीसपैकी सात हे यांना कुणी पोचवलं? बाई म्हणाल्या, तक्ता सगळ्यांचाच देतो आम्ही. मी म्हटलं, आणि दवाखान्यातलं?

तेव्हा त्या माणसाने फाइल काढली, पानं उलटली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. 'काका, हे तुम्हीच लिहिलंय ना?'

अक्षर माझं होतं. भिंगरी, मीच लिहिलं होतं. शिबिराचा फॉर्म आला त्यात शेवटी एक चौकट होती, 'पाल्याच्या मनाला भिडेल असा घरातील प्रसंग'. अकरा ओळींची. बाकीच्या पालकांनी ती कोरी सोडली होती किंवा 'गरज नाही' लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं. मला कोरं सोडता येत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या साहेबांनी मला शिकवलं होतं, रकाना कोरा राहिला म्हणजे रीडिंग घेतलं नाही, आणि रीडिंग घेतलं नाही म्हणजे लोक काय प्यायले ते आपल्याला माहीत नाही. तेव्हापासून मी कोणत्याही कागदावरची कोणतीही चौकट भरतो. आई हसायची. म्हणायची, याला कुणी हस्तरेषांचा फॉर्म दिला तर हा तोही भरून सही करून आणेल. जे मी तुला सात महिन्यांत सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही, ते मी एका अनोळखी माणसाच्या चौकटीत निळ्या पेनाने लिहिलं, अकरा ओळी, चौकटीच्या आत, खाडाखोड न करता. मला वाटलं, वाचून ते तुझ्याशी जरा जपून वागतील.

तो कागद मी त्याच्या फाइलमधून ओढून काढला. फाटला थोडा. 'अहो काका, रेकॉर्ड आहे ते,' तो म्हणाला. मी खिशात घातला. दुसऱ्या कुणाच्या फाइलमधला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा ओढला. मग आपण घरी आलो, तू आपल्या दोघांच्या मधे दप्तर ठेवून बसलीस, आणि सिग्नलला विचारलंस, 'बाबा, तुम्ही सांगितलंत?' सिग्नल सुटला आणि मी स्कूटर पुढे घेतली. तो प्रश्न अजून तिथेच उभा आहे.

शाळेला मी लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. तुझ्या इयत्तेच्या किंवा खालच्या कुठल्याही मुलावर हा प्रकार पुन्हा करू नये, आणि मुलांचे मार्क बाहेरच्या माणसाच्या हातात देऊ नयेत, असं लिहिलंय. बाईंनी वाचून विचारलं, 'एवढं मनाला लावून घेण्यासारखं आहे का?' मी म्हटलं, मनाला लागावं म्हणूनच केलं होतं ना तुम्ही? त्यांनी तक्रार पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मला बरं वाटलं. पण ते बरं वाटणं घरी येईपर्यंतसुद्धा टिकलं नाही. त्या माणसाला नावं ठेवणं सोपं आहे. त्याने सांगितलं ते खोटं होतं, पण त्याच्या हातात ते अर्धवट देणारा मी होतो. आमच्या कामात अर्धं रीडिंग हे चुकीच्या रीडिंगपेक्षा वाईट, कारण ते खरं वाटतं.

पूर्ण रीडिंग असं आहे.

आई गेली त्या दिवशी सकाळी तू दवाखान्यात तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर दप्तर आपटलंस आणि म्हणालीस, मी नाही जात, चाचणीच तर आहे, वीस मार्कांची. मी म्हणालो, 'जा. आई कुठे जात नाहीये.' हे शब्द माझे. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. अकरा वीसला आईला जाग आली. नर्सने नुकतीच नळी बदलली होती, म्हणून वेळ नेमकी माहीत आहे. तिने विचारलं, भिंगरी कुठे? मी म्हटलं, पेपरला. कसला पेपर? विज्ञान, वीस मार्क. तिने माझ्याकडे बघितलं, दुकानात जुनी तारीख असलेलं औषध हाताला लागलं की बघायची तसं. म्हणाली, 'वीस मार्कांसाठी पाठवलंस माझ्या पोरीला? जा, उठवून आण तिला.'

मी म्हटलं, चाळीस मिनिटंच राहिलीत, होऊ दे पुरा.

तिने वाद घातला नाही. वाद घालण्याइतकी ताकद नव्हती, पण चिडायला पुरेशी होती. म्हणाली, 'घुम्या, तू आणि तुझे ते रकाने.' मग जरा वेळाने म्हणाली, 'पेपर कसा गेला ते मात्र विचारू नकोस तिला. आली की नुसती इथे बसव.' आणि डोळे मिटले. अकरा पन्नासला ती गेली. शाळा स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. जायची दहा, यायची दहा, वर्गातून उठवायची पाच. अकरा पंचेचाळीसला तू तिथे असतीस. पाच मिनिटं मिळाली असती. हे गणित मी रोज करतो आणि उत्तर रोज पाचच येतं.

तुझी ती उत्तरपत्रिका पंधरा दिवसांनी पालकांच्या सहीसाठी घरी आली. चार प्रश्न सोडवलेले, पुढे कोरं. आणि शेवटच्या पानावर तू वेळ लिहिली होतीस, एकाखाली एक. दहा पन्नास. दहा पंचावन्न. अकरा. दर पाच मिनिटांनी, बारा वाजेपर्यंत. बाजूला लाल पेनाने शेरा, 'वेळ वाया घालवू नये'. मी ते पान पाहिलं, खाली सही केली आणि तुला काहीच न बोलता परत दिलं. माझी मुलगी वर्गात बसून रीडिंग घेत होती, तिच्या आईचं, लांबून. आणि मला तुझ्याशी एक शब्द बोलता आला नाही. म्हणून वीसपैकी सात ऐकलं तेव्हा मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. ते सात मार्क माझे आहेत. ते मी मिळवलेत.

फॉर्मवर मी एवढंच लिहिलं होतं की आईने शेवटच्या दिवशी मुलीच्या पेपराचा विषय काढला होता. अकरा ओळींत बाकीचं बसलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. बसलं असतं. मी लिहिलं नाही.

चारचा भोंगा झाला, आता आवरतो. शिबिरातून आल्यावर तू न्हाणीघरातल्या आरशावर जी चिठ्ठी चिकटवलीस, 'आई, ब्याण्णव टक्के आणते, मग माफ कर', ती बरोबर माझ्या तोंडासमोर येते. एकवीस दिवस मी उरलेल्या आरशात अर्धा चेहरा बघून दाढी करतो आहे, आणि उद्या तुझा पहिला पेपर आहे. हे पत्र त्या चिठ्ठीसाठी आहे. ती काढ. आईने तुझ्याकडे काही मागितलंच नव्हतं, माफी मागायची असलीच तर ती मी तुझी मागायची आहे, आणि त्यासाठीच आज लिहायला बसलो. फाटलेला फॉर्म सोबत जोडला आहे, तुझ्या हाताने हवं ते कर त्याचं. घरात पाकीट नव्हतं म्हणून येताना आणलेल्या आईच्या दुकानाच्या औषधाच्या पाकिटात घालतो आहे, सकाळची गोळी कळावी म्हणून तिने कुणासाठी तरी त्यावर काढलेला सूर्य आहे, त्याचा काही अर्थ लावू नकोस, गठ्ठ्यात वरचं तेच होतं. उद्याची मी रजा टाकली आहे. अर्जातला 'कारण' हा रकाना कोरा ठेवला. साहेब दोनदा अर्ज उलटसुलट करून म्हणाले, 'अहो, तुमचा रकाना आणि कोरा?' म्हटलं, राहू द्या. मी शाळेच्या फाटकासमोर, सायकलवाल्याच्या दुकानापाशी स्कूटर लावून उभा असेन, पेपर सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. लिहावंसं वाटलं तर लिही, चांगलं लिही. पण मधेच उठावंसं वाटलं, अकराला, साडेअकराला, कधीही, तर ऊठ आणि बाहेर ये. पेपर कसा गेला ते मी विचारणार नाही. आलीस की नुसती मागे बस.

तुझाच, फाटकापाशी असणारा,
बाबा